घरं कमी नाहीत, कुलपं जास्त आहेत

मुंबईत भाडं एवढं का, असं विचारलं की ब्रोकरपासून अर्थतज्ज्ञापर्यंत सगळे एकच उत्तर देतात: मागणी जास्त, पुरवठा कमी. जणू पुरवठा म्हणजे पाऊस. पडला तर पडला. पण २०११च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी सापडली होती. मग पुरवठा नेमका अडलाय कुठे?

मालक म्हणतात, भाडेकरू घर बळकावतो. या भीतीला इतिहास आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली आणि पागडीच्या चाळी मालकांच्या हातून गेल्या. पण तुम्ही-आम्ही पागडीवर राहत नाही, लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. १९९९च्या कायद्याचं कलम २४ सांगतं: मुदत संपली की घर सोडा, नाही सोडलंत तर दुप्पट भाडं भरा. कायदा इतका मालकाच्या बाजूने असताना आजोबांच्या काळातली भीती आज कशाला सांगायची?

खरं कारण हिशोबाचं आहे. मुंबईत वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या साधारण दोन-तीन टक्के. मालकाचा डोळा भाड्यावर नसतोच, किमतीवर असतो, आणि ती बंद घराचीही वाढते. त्यात २०१९च्या बजेटने स्वतःसाठी ठेवलेल्या दुसऱ्या घरावरचा काल्पनिक भाड्याचा आयकर काढून टाकला. म्हणजे दुसरं घर भाड्याने दिलं तर कर, कुलूप लावून ठेवलं तर माफ!

उरलेल्या घरांना मग चाळणी लागते. फक्त फॅमिली. व्हेज ओन्ली. आडनाव काय? बॅचलर आहात, मुसलमान आहात, एकटी मुलगी आहात, तर तुमच्यापुरता पुरवठा आणखी आटतो. माणसं नाकारून निर्माण केलेल्या टंचाईला 'बाजाराचा नियम' म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे.

भाडी पुन्हा गोठवा असं कुणी म्हणत नाही. त्याने काय झालं ते चाळींकडे बघून कळतं. पण पडून असलेल्या घरावर कर लावा. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, ती इथे लागू करा. जात-धर्म विचारून घर नाकारणाऱ्याला दंड करा.

आणि पुढच्या वेळी ब्रोकर 'सप्लाय नाही' म्हणाला, तर त्याला रात्री नऊ वाजता एखाद्या नव्या टॉवरखाली उभं करा. किती खिडक्यांत दिवा लागलाय, ते मोजायला सांगा.