रेकॉर्डप्लेअरचं सोवळं

‘जुन्या रेकॉर्डप्लेअरला ब्रशलेस मोटर लावली की त्याचा प्राणच जातो,’ असं गिरगाव-दादरकडचे जुने शौकीन छातीठोकपणे सांगतात. मूळ मोटर, रबरी पट्टा, तोच खरा आवाज. बाकी सगळी बाटवाबाटवी! या मतामागे प्रेम आहे, पण ते तपासाला टिकत नाही.

पहिला आक्षेप अस्सलपणाचा. टेक्निक्सचा एसपी-10 हा 1970 साली आला तोच मुळी चकतीखाली थेट ब्रशलेस मोटर घेऊन. 1979च्या एसएल-1200 एमके-2मध्ये तिचा वेग क्वार्ट्झ स्फटिकाला बांधला गेला. पन्नाशी उलटलेल्या तंत्राला उपरं कसं म्हणायचं?

दुसरा आक्षेप, ही मोटर हिसके देते. मोटर हलकी आणि सर्किट गचाळ असेल तर देतेच. पण वेटोळ्यांना साइन लहरीने वीज मिळाली आणि वर जड चकती असली, तर हिसका नावापुरता उरतो. शिवाय चकतीचा वेग सतत मोजून स्फटिकाच्या ठोक्याशी ताडला जातो. ती जरा रेंगाळली की लगेच दुरुस्ती होते. सैल पडलेल्या पट्ट्याला हे जमत नाही.

तिसरा आक्षेप, ‘कानाला काय कळतंय?’ पेटी घेऊन बसा, म्हणजे कळेल. वेग सहा टक्के चढला की काळी चारचं गाणं पांढरी सहात जातं. मायक्रोफोन येण्यापूर्वी कर्ण्यासमोर भरलेल्या रेकॉर्डी सरसकट 78 फेऱ्यांच्या नव्हत्या. 74वर भरलेलं नाट्यपद 78वर लावलं, की गायक जवळजवळ अर्धा स्वर चढतो, आवाज पातळ होतो, तान उगाच चपळ वाटते. ज्याला आपण माना डोलावतो, तसं तो गायलाच नव्हता!

बेस्टच्या 50 हर्ट्झ विजेला बांधलेली सिंक्रोनस मोटर स्थिर असते, हे मान्य. ट्यूबलाइटखाली 77 रेघांची स्ट्रोब तबकडी ठेवली तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतील. पण तिला 74वर आणायला पुली बदलावी लागते. ब्रशलेस मोटर नियंत्रकाच्या जोरावर हव्या त्या वेगावर जाते आणि तिथेच राहते. रेकॉर्डचं भोकच मध्यापासून सरकलेलं असेल, तर मात्र कोणतीही मोटर स्वराचं डोलणं थांबवणार नाही.

म्हणून शौकिनांना सांगणं एवढंच : नवी मोटर जुन्याच स्क्रूंवर बसवा, नवी भोकं पाडू नका, मूळ मोटर जपून ठेवा. मग पेटीवर गायकाची पट्टी शोधा आणि वेग तिच्याशी जुळवा. यंत्रापेक्षा गाण्याशी राखलेलं इमान मोठं.