कोंडुऱ्याला साक्षीदार कोण?

चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' (१९६६) चर्चेला घेतली की पहिल्या दहा मिनिटांत वाचकांचे दोन तट पडतात, हा साहित्याच्या अध्यापकांच्या परिचयाचा अनुभव आहे. परशरामतात्याला कोंडुरास्वामी खरोखर भेटला, की समुद्राच्या घोंगावण्यात त्याच्या अपमानित, निष्क्रिय मनाने तो निर्माण केला? एका तटाच्या मते ही कादंबरी अंधश्रद्धेला साहित्यिक प्रतिष्ठा देते. दुसऱ्या तटाच्या मते ती अंधश्रद्धेची नाहीच, दमित मनाची आहे. स्वामी म्हणजे तात्याच्या नेणिवेचे प्रक्षेपण. अलीकडे तिसराही एक स्वर ऐकू येतो: हे सारे 'देशी अद्भुत' आहे, पाश्चात्त्य वास्तववादाच्या मोजपट्टीने त्याला मोजण्याचा अधिकारच कोणाला नाही. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे, की हे तिन्ही पक्ष एकाच प्रश्नाची उत्तरे देत आहेत आणि तो प्रश्न कादंबरीने विचारलेलाच नाही. तो आपण बाहेरून आणला आहे. तो आणण्यात आपली एक सोय आहे, आणि या लेखाचा वाद त्या सोयीशी आहे.

कादंबरीची मूळ घटना साधी आहे. घरात मान नसलेला, काही न करणारा एक माणूस कोंडुऱ्याशी जातो. तेथे त्याला साक्षात्कार होतो, एक मुळी मिळते आणि एक अट पडते. मुळीत गर्भ पाडण्याचे सामर्थ्य आहे. अट ब्रह्मचर्याची आहे. गावात तो परततो तो सिद्ध पुरुष म्हणून. पुढे जे घडते ते या मुळीचे आणि या अटीचे आहे. स्वामी काय आहे याचा निकाल लागल्याशिवाय ते घडायचे थांबत नाही.

आता आपली समीक्षा काय करते ते पाहावे. तिच्यापुढे नकळत एक नमुना असतो. हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) या भुताच्या दीर्घकथेवरून इंग्रजी समीक्षेत जो वाद झाला, त्याला १९३४ साली एडमंड विल्सनच्या लेखाने धार आली: भुते खरी नाहीत, ती शिक्षिकेच्या दमित वासनेची निर्मिती आहेत. त्यावर दुसरी बाजू उठली आणि वाद पुढे अनेक दशके चालला. त्या वादातील बुद्धिमत्ता कोणी नाकारणार नाही. परंतु वादाच्या भरात एक गोष्ट मागे सरली. कथेच्या शेवटी शिक्षिकेच्या मिठीत एक मुलगा मरतो. दोन्ही बाजूंना त्याचा मृत्यू हवा असतो, पण केवळ पुरावा म्हणून.

तोदोरोवने १९७० साली या द्विधेलाच अद्भुताचे लक्षण ठरवले. नैसर्गिक स्पष्टीकरण की अलौकिक, या दोहोंमध्ये वाचक जितका वेळ घुटमळतो तितका वेळ अद्भुत टिकते, अशी ही उपपत्ती. ती नेटकी आहे, आणि आपल्या विद्यापीठांतून तिचा वापर 'कोंडुरा'साठी सहज होतो. पण या घुटमळण्याला एक पूर्वअट लागते. निसर्गाचे नियम कोणते, याविषयी वाचकाच्या समाजात एकमत असले पाहिजे; मगच त्या नियमांना तडा गेला की काय, असा संशय येईल. ज्या समाजात देव रात्री गावाची फेरी करतो हे गृहीत आहे, तेथे द्विधा कोठे सुरू होते?

हा प्रश्न मी हवेत विचारत नाही. शिरोड्याहून वेंगुर्ल्याच्या वाटेला लागले की लगेच आरवली लागते. तेथे वेतोबा उभा आहे, पुरुषभर उंचीहून मोठा, वेताळकुळीतला, भुताखेतांचा अधिपती. भाविक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि मोठमोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. आरवलीचे जयवंत दळवी याच परिसराचे, आणि याच वेंगुर्ला तालुक्यात १९३० साली जन्मलेले खानोलकरही याच श्रद्धाविश्वाच्या छायेत वाढले. वेंगुर्ल्याच्या पलीकडे, वायंगणीच्या अंगाला, कोंडुऱ्याचा किनारा आहे. नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल असे हे सगळे आहे.

आणि याच शिरोड्यात वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शाळामास्तर होते. 'हृदयाची हाक', 'कांचनमृग', 'दोन ध्रुव', 'उल्का' या कादंबऱ्या त्या काळातल्या. वेतोबाच्या सावलीत राहून त्यांनी ध्येयवादाचे साहित्य लिहिले, याला कोणी विसंगती म्हणेल. मला ते तसे वाटत नाही. मला खांडेकर येथे हवे आहेत ते वेगळ्या कारणासाठी. 'कोंडुरा'च्या सात वर्षे आधी, १९५९ साली, त्यांची 'ययाति' आली. तिच्यात शापाने एका राजाला अकाली वार्धक्य येते आणि पुत्राचे तारुण्य पित्याला मिळते. यापेक्षा अलौकिक काय असू शकते? पण ययातीला शुक्राचार्यांचा शाप खरोखर लागला की त्याला तसा भास झाला, असा वाद कोणत्या वर्गात झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कादंबरी नैतिक प्रश्नाची म्हणून वाचली गेली: भोगाला सीमा कोणती, बापाच्या वासनेची किंमत मुलाने का मोजावी. १९७४ साली तिच्या लेखकाला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. कोणीही तिच्यावर अंधश्रद्धेचा आरोप केला नाही, आणि करायला नकोच होता.

मग परशरामतात्यालाच दाखला का मागितला जातो? पुराणातील अद्भुताला आपण परवाना दिलेला आहे, कारण ते संस्कृतात नोंदलेले आणि सुरक्षित अंतरावरचे आहे. तालुक्याच्या ठिकाणापासून चालत जाता येईल अशा किनाऱ्यावर, एका नालायक ठरलेल्या माणसाला वर मिळाला की मात्र आपण पंचनाम्याला निघतो. हा विवेक नव्हे. ही वाङ्मयीन अभिरुचीतील प्रतवारी आहे, आणि तिची मुळे जुनी आहेत. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ने (१८५७) कादंबरी समाजस्थितीच्या निरीक्षणाकडे नेली. चारच वर्षांनी आलेली 'मुक्तामाला' तिला अद्भुतरम्याकडे घेऊन गेली. हरिभाऊ आपट्यांनंतर आपण पहिल्या वाटेला हमरस्ता मानले आणि दुसरीला करमणुकीची आडवाट. नारायण धारपांच्या भयकथा त्या आडवाटेवर सुखाने नांदल्या. तेथे भूत आहे की नाही यावर वाचक भांडत नाहीत. पुस्तक मिटेपर्यंत ते आहे असा करार असतो आणि समर्थांसारखा कोणीतरी त्याचा बंदोबस्त करतो. खानोलकरांची अडचण अशी, की त्यांनी आडवाटेवरची वस्तू हमरस्त्यावर आणून ठेवली आणि तिचा बंदोबस्त करणारा कोणी पाठवला नाही.

शिरोड्यात काही वाचकांशी या कादंबरीविषयी बोलत असताना मी माझ्या सवयीने तोच प्रश्न टाकला: स्वामी खरा की भास? एका वयस्क गृहस्थांनी तो ऐकून घेतला आणि उलट विचारले, "पण तेका साक्षीक कोण होतो?" मला आधी हे गमतीचे वाटले. नंतर लक्षात आले, की माझ्यापाशी असलेल्या सर्व परिभाषेपेक्षा हा प्रश्न संहितेच्या अधिक जवळ जातो.

दक्षिण कोकणात दैवी आज्ञा ही खासगी बाब नसते. गावऱ्हाटी नावाची एक व्यवस्था तेथे आहे. देवापुढे गाऱ्हाणे घातले जाते ते मानकऱ्यांच्या आणि गावाच्या समक्ष, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. कौल घेतला जातो तोही उघड: पाकळी उजवी पडली की डावी, हे सर्वांनी पाहायचे असते. मनासारखा कौल मिळाला नाही तर पुन्हा विचारता येते. अंगात अवसर आला तरी त्याला गावकरी प्रश्न करतात, कधी हुज्जतही घालतात. म्हणजे अलौकिकाचा दावा तपासण्याची एक पद्धत तेथे आहे. ती प्रयोगशाळेची नाही, कज्जाची आहे. देव आहे की नाही हे ती विचारत नाही. देवाने हे सांगितले असे तू म्हणतोस, तर ते कोणासमोर, एवढेच विचारते.

या पार्श्वभूमीवर परशरामतात्याचा साक्षात्कार पुन्हा वाचावा. तो एकांतात झालेला आहे. गाऱ्हाणे नाही, कौल नाही, होकार भरणारे कोणी नाही. वर आणि अट दोन्ही एकट्या माणसाने ऐकल्या, आणि त्याच एकट्याच्या शब्दावर गावाने त्याला अधिकार दिला. स्वामी खरा असला तरी हा अधिकार बिनसाक्षीचा आहे आणि खोटा असला तरी तसाच. गावाची अद्भुताशी जी करारबद्ध ओळख होती, ती या ठिकाणी तुटते. 'कोंडुरा'तील खरे भय येथे आहे. लाटेच्या आवाजात किंवा घळीच्या काळोखात ते शोधणारे वाचक वातावरणालाच आशय समजून बसले आहेत.

हा अधिकार कशावर चालतो, याकडे तर आपण फारच थोडे पाहिले. तो चालतो स्त्रियांच्या देहावर. वर म्हणून तात्याला धन मिळाले नाही, विद्या मिळाली नाही. मिळाली ती गर्भ पाडणारी मुळी. गर्भ राहावा की जावा, याचा निर्णय एका पुरुषाच्या मुठीत आला. अट म्हणून आले ब्रह्मचर्य, आणि ते जिच्यावर लादले गेले तिला विचारण्याचे कोणालाच कारण वाटले नाही. शिरोड्यातील त्याच बैठकीत एका बाईंनी ते सरळच विचारले: "आणि तेच्या बायलेक कोणी इचारल्यान?" या दोन प्रश्नांनंतर माझा तिसरा प्रश्न मला पुढे रेटता आला नाही.

आता समीक्षेच्या तटांकडे परत येऊ. स्वामी खरा असेल तर तात्या निमित्तमात्र ठरतो. जे झाले ते दैवी इच्छेने झाले. स्वामी भास असेल तर तात्या रुग्ण ठरतो. जे झाले ते विकृतीने झाले. दोन्ही उत्तरांत तात्या सुटतो. अद्भुतवादी आणि मानसशास्त्रवादी एकमेकांवर तुटून पडतात खरे, पण दोघांनीही वकीलपत्र एकाच पक्षकाराचे घेतले आहे. देशीपणाचा कैवार घेणारा तिसरा पक्ष तर न्यायालयाचा अधिकारच अमान्य करतो. तेही पक्षकाराच्याच फायद्याचे. मुळी देणारा हात कोणाचा होता, हा प्रश्न तिघांच्याही मांडणीत शिल्लक राहत नाही. आपली सोय ती हीच.

विवेकवादी टीकाकाराची अस्वस्थता मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्या वर्षअखेरीस महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा प्रदेशात सिद्ध पुरुषाविषयीची कादंबरी निव्वळ 'कलाकृती' म्हणून वाचा, असा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे. परंतु त्या कायद्याची दिशा नीट पाहिली तर ती माझ्या म्हणण्याला जवळची आहे. त्याचा रोख श्रद्धेच्या सत्यासत्यतेवर नाही, तिच्या नावाने केल्या जाणाऱ्या कृतीवर आणि होणाऱ्या इजेवर आहे. विवेकवाद्याने कादंबरी वाचताना हीच दृष्टी का ठेवू नये? 'भास होता' असे सिद्ध करून तो स्वतःचेच हत्यार बोथट करतो.

श्याम बेनेगल यांनी १९७८ साली या कादंबरीवर हिंदीत 'कोंडुरा' आणि तेलुगूत 'अनुग्रहम' केला. कथा आंध्रात गेली, तात्याचे काम अनंत नाग यांनी केले, आणि स्वामी झाले अमरीश पुरी. चित्रपटाच्या गुणांविषयी येथे बोलायचे नाही. पण पडद्यावर स्वामीला चेहरा आणि देह मिळाला, तेव्हा प्रेक्षकाला आपोआप एक साक्षीदारपण मिळाले: आपणही त्याला पाहिले. कादंबरीच्या वाचकाला ही सवलत नाही. तो गावाइतकाच बाहेर आहे. त्याने तात्यावर विश्वास ठेवायचा की नाही, एवढेच त्याच्या हाती आहे. माध्यम बदलल्याने नेमके काय हरवले, याचे उत्तर भूगोलात शोधण्याऐवजी येथे शोधावे.

माझ्या वाचनालाही एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. गावऱ्हाटीचे मी जे वर्णन केले त्यावरून ती फार न्यायी व्यवस्था वाटेल. ती तशी नाही. मान वंशपरंपरेने चालतात, जातींची पायरी ठरलेली असते, आणि होकार भरणाऱ्यांत बायकांचा आवाज मोजला जात नाही. तात्याला कोंडुऱ्याने सांगितलेले सगळे भर सभेत, कौल घेऊन, मानकऱ्यांच्या साक्षीने पक्के झाले असते, तरी त्याच्या बायकोला कोणी विचारले नसते. खानोलकरांनी तरी विचारले आहे काय? त्यांच्या स्त्रिया सोसतात, झपाटल्या जातात, प्रतिमा होतात. त्यांना गाऱ्हाणे घालायला जागा क्वचितच मिळते. नियतीचे दडपण हे खानोलकरांच्या कादंबरीचे बलस्थान मानण्याची प्रथा आहे. मला ते पुष्कळदा लेखकाने स्वतःपुरते शोधलेले पळवाटेचे दार वाटते, कारण नियतीला दोष दिला की तात्याप्रमाणे लेखकही मोकळा होतो. त्या बाईंचा प्रश्न मी तात्याला विचारलेला समजलो होतो. तो कोणाला होता, हे मी त्यांना पुन्हा विचारले नाही.