रडणाऱ्या पोरापाशी थांबायलाच हवं

‘दुसऱ्याच्या पोराच्या वाटेला जाऊ नये, अंगाशी येतं.’ चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या घोळक्यात हे शहाणपण सर्रास ऐकू येतं. शेजारी एखादं पाच-सहा वर्षांचं पोर हुंदके देत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत असतं, आणि माणसं मोबाइलमध्ये डोकं घालतात. मला हे अजिबात मान्य नाही.

भीती खोटी नाही, हे कबूल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त पुरलं, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. २०२२ मध्ये जत तालुक्यात याच संशयावरून चार साधूंना मारहाण झाली. परक्या पोराशी बोलायला पुरुष कचरतो, परप्रांतीय कामगार तर अधिकच, यात नवल नाही. पण म्हणून ‘बोलूच नका’ असं ठरवलं, तर परक्या पोराशी बोलणारा तो चोरच, हे जमावाचं म्हणणं आपणच खरं करतो. थांबणारे जितके कमी, तितका थांबणाऱ्यावरचा संशय जास्त.

म्हणून थांबायचं, पण चारचौघांत. पोराला उचलायचं नाही, घर शोधून देतो म्हणून गाडीवर बसवायचं नाही. जागा न सोडता, थोडं लांबच उकिडवं बसून विचारायचं आणि टपरीवाल्याला, भाजीवाल्या मावशींना मोठ्याने हाक मारायची : ‘मावशी, या जरा, पोरगं चुकलंय वाटतं.’ मग १०९८ किंवा ११२ ला फोन. मुलांसाठीची १०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. ‘कायद्याची नसती ब्याद’ म्हणणाऱ्यांनी २०१५ चा बालन्याय कायदा बघावा : हरवलेलं मूल ताब्यात घेतलं, तर चोवीस तासांत कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा.

गावाकडे ‘कुणाचं रे तू?’ एवढं विचारलं की घर सापडतं. चाकणभोवतालच्या खराबवाडी, कुरुळी, निघोजेच्या भाड्याच्या खोल्यांत ते चालत नाही. पोराला बापाचं नाव येतं, पण त्या नावाने बापाला ओळखणारा कुणी नसतो. खोलीमालकाचं आडनाव पोराला ठाऊक नसतं, आणि शेजारी सहा महिन्यांत बदललेला असतो. इथे अनोळखी माणूसच पोराचा आधार.

‘आई-बाप मारतायत, त्यांचं ते बघतील,’ हेही ऐकतो. पाळी करून दमलेल्या आईने एक धपाटा घातला, तर तिला दरडावू नये. ‘ताई, पिशवी धरू का?’ विचारलं तरी हात खाली येतो. पण पट्टा निघाला किंवा अंगावर वळ दिसले, तर फोनच. बालन्याय कायद्याच्याच कलम ७५ ने क्रौर्याची मुभा आई-बापांनाही दिलेली नाही.

एकच अडचण मला खरी वाटते, हजेरीची. बस चुकली की कंत्राटी कामगाराचा दिवस बुडतो. त्याला मी दोष देणार नाही. त्याने फोन लावावा, टपरीवाल्याला सांगावं आणि बस पकडावी. पोलीस येईपर्यंत थांबण्याची जबाबदारी दुकानदाराची, गेटवरच्या सिक्युरिटीची, मोटारीतून जाणाऱ्या साहेबांची आणि कायम नोकरीवाल्यांची. आपली हजेरी बुडणार नाही, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याने आधी गाडी बाजूला घ्यावी.