आग 'लागली'

मराठीत आग 'लागते', नाहीतर 'लावली' जाते. जी 'लागू दिली' जाते तिच्यासाठी वृत्तपत्रीय भाषेने 'शॉर्ट सर्किट' हा कर्ता शोधून काढला आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके दगावली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण गेले. दोन्ही वेळी पहिला संशय शॉर्ट सर्किटवरच!

महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार मालकाने वा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करायचे असते. अग्निशमन दल महापालिकेचे, विद्युत निरीक्षक मात्र राज्य शासनाचा. भिंतीतली तार या दोघांच्या मध्ये कुठेतरी असते.

माझ्या मते स्थानिक संस्थेने हे प्रमाणपत्र वायरिंगच्या तपासणीशिवाय स्वीकारूच नये, आणि तपासणाऱ्याचे नाव इमारतीच्या दारावर लावावे. वाक्याला कर्ता मिळेल. याला कोणी 'इन्स्पेक्टर राज' म्हणेल, म्हणोत बापडे.

आमच्या विभागाच्या जुन्या इमारतीत टेबलफॅनच्या दोन उघड्या तारा सॉकेटमध्ये कित्येक महिने आगकाड्यांनी खोचलेल्या होत्या. (होय, आगकाड्यांनीच.) त्याच भिंतीवर प्रमाणपत्र चौकटीत टांगलेले. अग्निशामक नळकांड्यांपुरते ते खरेही असेल. एकदा मुद्दाम खुर्चीवर चढून मी ते वाचले. खाली सही होती, पण कोणाची ते काही लागले नाही.