मास्तरांची सुटी

शिक्षक-संघटनांच्या सभांत दोन मागण्या ठळक असतात : एक वेतन व निवृत्तिवेतनाची, दुसरी अशैक्षणिक कामांतून सुटकेची. पहिलीसाठीं मार्च २०२३ मध्यें महाराष्ट्रांत सात दिवस संप झाला, वर्तमानपत्रें भरून गेलीं. दुसऱ्या मागणीकडे मात्र सुशिक्षित घरांचेंही लक्ष जात नाहीं, "मास्तरांना सुट्या काय थोड्या असतात?" एवढ्यावर विषय मिटतो.

वाचकहो, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचींत शिक्षकाचे आठवड्याचे किमान तास ४५ सांगितले असून त्यांत पाठाची पूर्वतयारी धरलेली आहे. रात्रीं दिव्यापाशीं बसून उद्यांच्या श्लोकाचा अन्वय लावणें हें कामच होय, हें कायद्यानेंच मानिलें. त्याच कायद्याचें २७ वें कलम शिक्षकास शिक्षणेतर कामास लावूं नये असें सांगून तीन अपवाद ठेवितें : जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक. यांतील तिसऱ्याचें पोट मोठें! मतदारयाद्यांची दुरुस्ती त्यांतच मावते. तें काम शिकविण्याच्या दिवशीं न देतां सुटीच्या दिवशीं द्यावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २००७ मध्येंच सांगितलें होतें. वर्गाचें रक्षण झालें खरें, सुटी गेली.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आम्ही दिवाळीच्या सुटींत याद्या घेऊन एका वाड्यांत गेलों. यजमान फराळाची बशी पुढें करीत म्हणाले, "गुरुजी, तुम्हां मास्तरांचें बरें असतें; दिवाळीभर आराम!" आम्हीं चकली उचलली, आणि घरांत अठरा वर्षें पुरीं झालेलीं कोण कोण, तें लिहून घेऊं लागलों.