सेवाविमुखतेचा आरोप आणि त्याचा निवाडा

आजच्या तरुणांत सेवावृत्ती उरलेली नाही, त्यांना आपल्यापलीकडचे काही दिसत नाही, अशी तक्रार महाविद्यालयांच्या सभागृहांतून, ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मेळाव्यांतून आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून इतक्या सातत्याने ऐकू येते, की ती तपासून पाहावी असेही आता कोणाला वाटेनासे झाले आहे. तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांनी आयुष्याची उमेदीची वर्षे लोकांच्या कामी घातलेली आहेत, म्हणून त्यांचे म्हणणे सादर ऐकून घेणे आणि मगच त्याचे खंडन करणे उचित होईल. त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा : सेवा हा अंतःकरणाचा धर्म आहे, ज्याला खरी तळमळ असते त्याला दारिद्र्य अडवीत नाही, जात अडवीत नाही, घरचा विरोधही अडवीत नाही, गाडगेबाबांपाशी फुटके गाडगे आणि खराटा याखेरीज कोणते साधन होते, मग आजच्या मुलांना मानधन, सोयी आणि सवलती कशाला हव्यात, आणि सेवेच्या पवित्र क्षेत्रात जातीपातीची चर्चा तरी का आणावी?

सेवेची इच्छा व्यक्तीच्या मनात उपजते, हे मला मान्य आहे. परंतु ती इच्छा मनातून हातापर्यंत पोहोचावी की नाही, आणि पोहोचलीच तर त्या हातात फावडे यावे, लाटणे यावे की ध्वनिक्षेपक यावा, हे ठरविण्याचा अधिकार आपल्या समाजात घरची मिळकत, जात आणि लिंगभेदाची जुनी वहिवाट यांनी आपल्याकडे राखून ठेवलेला आहे. आणि हा अधिकार जोवर त्यांच्याकडे आहे तोवर तरुणांवर सेवाविमुखतेचा आरोप ठेवणे म्हणजे ज्याची वाट बंद केली त्यालाच तो आला नाही म्हणून दोष देण्यासारखे आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेचाच दाखला घेऊ. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, देशातील 37 विद्यापीठांत आरंभ झालेल्या या योजनेचा हेतू उदात्त आहे आणि तिने हजारो विद्यार्थ्यांना गाव दाखविले आहे, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. स्वयंसेवकाने वर्षाला 120 याप्रमाणे दोन वर्षांत 240 तास काम करावे आणि दत्तक गावातील सात दिवसांचे एक विशेष शिबिर पुरे करावे, अशी तिची ढोबळ रचना. आता बीड जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयाचे हजेरीपत्रक उघडून पाहा. शिबिर बहुधा हिवाळी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतले. आणि नेमक्या याच दिवसांत उसाचा गाळप हंगाम भरात असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांवर गेलेली असतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि घरात हाताशी आलेला मुलगा असेल तर तोही फडात उभा राहतो. मागे राहिलेली थोरली मुलगी आजीचे दुखणेखुपणे, धाकट्या भावंडांची शाळा आणि दावणीच्या शेळ्या सांभाळते. हजेरीपत्रकात या दोघांच्याही नावापुढे एकच नोंद पडते : गैरहजर. शहरातील ज्या मुलाच्या घरी सात दिवसांच्या रोजगाराचा प्रश्नच नाही तो शिबिराला येतो, प्रमाणपत्र मिळवितो, आणि काही विद्यापीठांत दहा वाढीव गुणांचाही धनी होतो. त्याच्या श्रमाला मी कमी लेखत नाही; पण त्याच्या आणि त्या गैरहजर दोघांच्या सेवावृत्तीची तुलना त्या हजेरीपत्रकावरून करणे हा उघड अन्याय आहे.

मुलींचा मामला याहून गुंतागुंतीचा आहे. नाल्यावर वनराई बंधारा घालण्याचे काम चालते तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून, तोंडे शिवून, ती पोती हातोहात पुढे देण्याची एक रांग उभी राहते. त्या रांगेत मुली मुलग्यांच्या बरोबरीने, पुष्कळदा त्यांच्यापेक्षा अधिक चिकाटीने, उभ्या असतात, हे शिबिराला भेट देणाऱ्या कोणालाही दिसेल. परंतु दहा वाजले की त्यांतल्या चौघीजणींना हाक येते, कारण भाजी चिरायची असते आणि पन्नास-साठ जणांच्या पोळ्या व्हायच्या असतात. दुपारच्या बौद्धिक सत्रात आभार मानण्याचे काम मुलीला आणि प्रास्ताविकाचे मुलाला, हाही एक न लिहिलेला शिरस्ताच. सायंकाळ झाली की ज्यांच्या पालकांनी मुक्कामाची संमती दिलेली नाही त्या मुली परत जातात. त्यामुळे रात्री गावकऱ्यांशी जी खरी बोलणी होतात, ज्या चावडीवरच्या बैठकीत गावाचे अंतरंग उलगडते, तिथे मुलींचा कानही नसतो आणि शब्दही नसतो. शाळेच्या इमारतीत शिबिर भरते तिथे मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही, म्हणून दिवसभर पाणी कमी पिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. ही तळमळीची उणीव म्हणायची काय?

यावर असे सांगण्यात येते, की मुलींना सांजवेळी घरी ठेवणे ही आपली संस्कृती आहे आणि संस्कृतीला धक्का लावून सेवा साधत नाही. हे विधान करणाऱ्यांनी आपल्याच भूमीचा इतिहास पुरता ध्यानात घेतलेला नाही, असे मला नम्रपणे म्हणावे लागते. आळंदी-देहूहून निघणाऱ्या पालख्यांबरोबर डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन बायका अडीच-तीन आठवडे चालतात, परक्या गावी मुक्काम करतात, उघड्यावर रांधतात आणि पंढरी गाठतात. शतकानुशतकांच्या या वहिवाटीला महाराष्ट्राने कधी स्त्रियांच्या अमर्यादेचा दोष दिलेला नाही. 1897 सालच्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांच्या शुश्रूषेला उभ्या राहिल्या आणि त्याच संसर्गाने त्यांचा अंत झाला. 1941 साली एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांतून मुलगे आणि मुली एकत्र गावोगाव हिंडले. तेव्हा संस्कृती हे एकच एक फर्मान नसून तिच्यात मुलीला घरात थोपविणारा प्रवाह आहे तसाच तिला दिंडीत चालविणाराही आहे. दोहोंपैकी कोणता पुढे करायचा, हा आपल्या निवडीचा प्रश्न आहे, आणि त्या निवडीची जबाबदारी संस्कृतीच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे वळतो. शिबिरात जातीचा विषय काढला की दुही माजते, मुले निर्मळ मनाने एकत्र राबत असताना त्यांना भेद शिकवू नयेत, असे अनेक सुजाण प्राध्यापक कळकळीने सांगतात. त्यांच्या सद्हेतूविषयी शंका नाही. परंतु भेद शिबिरात शिकविला जात नाही, तो शिबिराच्या आधीपासून गावात नांदत असतो, आणि त्याविषयी मौन पाळले की शिबिर त्याच्याच वळणाने चालू लागते. प्रभातफेरी कोणत्या आळीतून निघते आणि कोणत्या वस्तीच्या अलीकडून परत फिरते, ते पाहावे. शिबिराच्या स्वयंपाकाचे पाणी कोणत्या विहिरीचे, श्रमदानातून झालेला रस्ता कोणाच्या शेताकडे जातो, शोषखड्डे कोणाच्या दारी खोदले गेले, समारोपाला व्यासपीठावर कोण बसले, हे पाहावे. गावाशी विचारविनिमय केला असे अहवालात लिहिले जाते तेव्हा तो विनिमय बहुधा चार मातब्बर घरांशी झालेला असतो, आणि वीस वर्षांची निष्पाप मुले नकळत त्या घरांच्या मसलतीची पाइक होतात.

आणि शिबिरार्थींमध्येही सारे एका जागी उभे नसतात. गटार साफ करण्याचे काम निघाले की एका मुलासाठी हातातला झाडू हा अहंकार गाळणारा संस्कार असतो, त्याचे छायाचित्र घरी कौतुकाने पाहिले जाते. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाची आई नगरपालिकेत सफाई कामगार असते, आणि हा झाडू आपल्या लेकराच्या हाती पडू नये म्हणून तिने त्याला महाविद्यालयात धाडलेले असते. तो मुलगा त्या दिवशी मागे मागे राहिला तर त्याच्यापाशी सेवाभाव नाही असा शेरा मारणाऱ्याने त्याच्या घराण्यावर पिढ्यान्‌पिढ्या लादल्या गेलेल्या सेवेचा हिशेब कधी मांडला आहे काय? गाडगेबाबांचे उदाहरण इथे मुद्दाम पुढे केले जाते. बाबा परीट समाजात जन्मले, गावे झाडली, रात्री कीर्तन केले, हे सत्य आहे. परंतु त्यांनी खराटा स्वतःच्या इच्छेने उचलला होता, आणि त्याच कीर्तनातून ते लोकांना पोटाला चिमटा घेऊन मुले शिकविण्याचा उपदेश करीत होते, हेही तितकेच सत्य आहे. स्वेच्छेने उचललेला खराटा आणि जातीने हाती दिलेला झाडू यांना एकाच मापाने मोजणे, हा त्या महापुरुषाच्या कार्याचाही अवमान होय.

जातीचा प्रश्न उघडपणे विचारल्याने काम मोडते, हा समज अनुभवाने खोटा ठरलेला आहे. पुण्यात हमाल पंचायत उभी करणाऱ्या डॉ. बाबा आढावांनी 1972 च्या दुष्काळाच्या काळात ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेतली तेव्हा त्यांच्याबरोबरचे तरुण गावात शिरताच पहिला प्रश्न विहिरीचा विचारीत : ही कोणाची, इथे कोण पाणी भरते, कोणाला भरू देत नाहीत? या प्रश्नाने गावोगावी वाद उठले. परंतु त्या वादांतूनच तरुणांच्या एका पिढीला आपला समाज जसा आहे तसा कळला, जो शंभर वृक्षारोपणांनी कळला नसता.

मानधनाविषयीचा आक्षेप तुलनेने दुबळा आहे. पैशाचा स्पर्श झाला की सेवा बाटते, असे म्हणणाऱ्यांनी नामदार गोखल्यांनी 1905 साली पुण्यात स्थापिलेल्या भारत सेवक समाजाची घटना आठवावी. तिच्या सभासदांनी संपत्तीचा मोह सोडण्याची शपथ घेतली, पण त्यांच्या व त्यांच्या कुटुंबाच्या चरितार्थाची तरतूद संस्थेनेच केली होती, आणि म्हणून कोणाच्या त्यागाला उणेपणा आला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि राबत. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेले. आधी पोट आणि मग आदर्श, हा क्रम भाऊरावांना कमीपणाचा वाटला नाही, आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हीच त्यांच्या शिक्षणसंस्थेची ओळख झाली. निरपेक्षतेची अपेक्षा आज सर्वांत कठोरपणे कोणाकडून केली जाते, तेही पाहण्यासारखे आहे. 2005 पासून गावोगावच्या सुना ‘आशा’ म्हणून हजार लोकवस्तीमागे एक याप्रमाणे गरोदर बायांच्या नोंदी ठेवतात, अवेळी बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जातात, साथीच्या दिवसांत दारोदार फिरतात. आणि त्यांनी हक्काचा नियमित मोबदला मागितला, त्यासाठी 2021 आणि 2023 मध्ये महाराष्ट्रात संप केले, तेव्हा सेवेच्या पावित्र्याची आठवण त्यांना करून देण्यात आली. ज्यांच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत नाही त्यांनी ज्यांच्या घरी ती आहे त्यांना निरपेक्षता शिकवावी, हे मला अशोभनीय वाटते.

तरुणांत कळकळ शिल्लक आहे याचा पुरावा हवा असेल तर ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे पंचगंगा आणि कृष्णा पात्र सोडून वाहू लागल्या तेव्हाचे दिवस आठवावेत. ज्या तालमींच्या आणि मंडळांच्या पोरांना आपण एरवी वर्गणी आणि मिरवणुकीवरून नावे ठेवतो, तीच पोरे छातीइतक्या पाण्यात उतरली, म्हातारीकोतारी माणसे पाठुंगळीला मारून बाहेर आणली, तात्पुरत्या छावण्यांत अन्न पोहोचविले. गल्ली त्यांच्या ओळखीची होती, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि निर्णय घ्यायला त्यांना कोणाच्या दप्तरातून मंजुरी आणावी लागली नाही. ज्या कामात तरुणाला आपले म्हणण्याजोगे गाव असते आणि आपला म्हणण्याजोगा अधिकार असतो तिथे त्याला हाका माराव्या लागत नाहीत. दत्तक गाव मात्र वरून ठरते, कामांची यादी वरून येते, आणि मुलांच्या वाट्याला केवळ घमेले उरते.

एवढे विवेचन ऐकूनही काहीजण म्हणतील, की नियम शिथिल केले तर शिस्त बिघडेल आणि शिबिराची परंपरा मोडेल. शिस्त मोडावी असे माझे म्हणणेच नाही. स्वयंपाकाची पाळी मुलगे-मुली सर्वांना लावणे ही शिस्तच आहे. शिबिराच्या आधी गावातील प्रत्येक वस्तीत जाऊन काय हवे ते विचारणे आणि त्याची नोंद ठेवणे हीही शिस्तच आहे. मुलींच्या पालकांना गावात बोलावून मुक्कामाची जागा, पाण्याची सोय आणि सोबतच्या प्राध्यापिका त्यांना दाखविणे हे संमतिपत्रावर नुसती सही घेण्यापेक्षा अधिक कष्टाचे, म्हणून अधिक शिस्तीचे काम आहे. आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी मराठवाड्यातील गावांत हंगामी वसतिगृहे चालविली जातात, तिथे मागे राहिलेल्या त्या थोरल्या मुलीने संध्याकाळी लहानग्यांचा अभ्यास घेतला, त्यांच्या आजारपणाची खबर ठेवली, तर तिचे ते तास तिच्या 120 तासांत मांडून घेण्यास आडकाठी कशाची, हे आक्षेपकांनी मला दाखवून द्यावे.