भरती पाहून या

करावे गावाजवळ रोहित (फ्लेमिंगो) टिपायचे, तर भरतीचं वेळापत्रक हाताशी हवं. ठाणे खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की थवे टी. एस. चाणक्य, एनआरआय आणि डीपीएस तळ्यांकडे सरकतात. पावसाच्या तोंडावर हे पाहुणे परततात. मग उरतात अंगणातले दयाळ, शिंजीर, खंड्या. त्यांचेही फोटो आम्हाला तितकेच हवेत. खाडीतलं रोहितांचं अभयारण्य २०१५चं, त्याला आंतरराष्ट्रीय पाणथळ म्हणून मिळालेला रामसर दर्जा २०२२चा. ही तळी मात्र अभयारण्याबाहेर. २०२४मध्ये भरतीचं पाणी अडून डीपीएस तळं आटलं, त्याच हंगामात परिसरात रोहित मृतावस्थेत सापडले. असे बदल नोंदले जावेत म्हणूनच हौशी छायाचित्रकारांनी वर्षानुवर्षं एकाच काठावरून काढलेले, तारीख असलेले फोटो आम्हाला मोलाचे वाटतात. जवळच्या फोटोसाठी थवा उडवू नका. चौकटीत पाणी आणि तिवरंही येऊ द्या.